तक्त्याचें स्थलांतर

अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत मातीची एक लहानशी पाटी जपून ठेवलेली आहे. जेमतेम तळहाताएवढी असलेली ही पाटी आजच्या इराकच्या दक्षिण भागांत इसवी सनापूर्वीं १८०० च्या सुमारास लिहिली गेली. ‘प्लिंप्टन ३२२’ या नांवानें ती विद्वानांस परिचित आहे. तीवर चार उभे रकाने आहेत, पंधरा आडव्या ओळी आहेत, रकान्यांच्या माथ्यावर शीर्षकें आहेत, आणि शेवटच्या रकान्यांत ओळींचे क्रमांक घातलेले आहेत. म्हणजे आज ज्यास तक्ता म्हणतात, त्याचीं सर्व लक्षणें तींत उतरलेलीं आहेत. मौज अशी कीं, तक्त्याबरोबर जन्मास येणारा दोषही तींत आहे. नवव्या ओळींत जेथें ‘आठ, एक’ असें यावयास पाहिजे होतें, तेथें लेखकाच्या हातून ‘नऊ, एक’ असें उमटलें आहे. तक्ता जितका जुना, तितकीच तो उतरून घेतांना होणारी चूकही जुनी आहे.

आजच्या कचेरींत दस्तऐवजाच्या फाईलींतील तक्ता उचलून संगणकाच्या स्प्रेडशीटमध्यें आणणें हें दोन कळा दाबण्याचें काम समजलें जातें. तें काम हाताखालच्या नवख्या माणसावर सोंपविलें जातें व त्याची कोठें नोंदही राहत नाहीं. परंतु या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीमागें मोठा इतिहास आहे, आणि तिच्या पोटीं कधीं कधीं मोठा अनर्थही दडलेला असतो.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. दस्तऐवजांतील तक्ता हा डोळ्यांसाठीं असतो. तो वाचणारा मनुष्य असतो, आणि मनुष्य समजूतदार असतो. एखादें शीर्षक दोन रकान्यांवर पसरलें, एखाद्या घरांत ‘वरीलप्रमाणें’ असें लिहिलें, अथवा एकाच घरांत दोन ओळींचा पत्ता कोंबला, तरी त्याचें अडत नाहीं. स्प्रेडशीटमधील तक्ता मात्र हिशेबासाठीं असतो. तेथें प्रत्येक घरास स्वतःचें स्थान आहे, आणि त्या स्थानावरूनच त्यांतील अंकास अर्थ येतो. घर चुकलें कीं अर्थ चुकला. एका तक्त्यांतून दुसऱ्यांत जाणें म्हणजे डोळ्यांच्या राज्यांतून हिशेबाच्या राज्यांत जाणें होय. आणि सीमा ओलांडतांना सामानाची उलथापालथ व्हावयाचीच.

महाराष्ट्रास हा भेद नवा नाहीं. जुन्या पेढीवर आणि दफ्तरांत कीर्द वेगळी व खतावणी वेगळी असे. दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमानें घडले, त्या क्रमानें ते कीर्दींत लिहिले जात. तेच व्यवहार पुढें ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढविले जात. कीर्द ही घडलेली हकीगत, तर खतावणी ही त्या हकीगतीची मांडणी. एकींतून दुसरींत नोंद नेणें हें कारकुनाच्या कसोटीचें काम होतें. म्हणूनच त्याबरोबर ‘ताळा’ नांवाची दुसरी विद्या वाढली. दोन्हीकडील बेरजा जुळल्या पाहिजेत, हा तिचा पाया. अनुभवी हिशेबनीस आणखी एक खूण जाणत असे: दोन बेरजांतील फरकास नवानें निःशेष भाग जात असेल, तर कोठेंतरी ४५ चे ५४ झाले असण्याचा संभव आहे. चूक कोणत्या जातीची आहे हें ओळखलें, म्हणजे ती सांपडणें सोपें जातें.

युरोपांत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तीव्र झाला. जहाजांस दिशा दाखविणारीं, खगोलशास्त्रज्ञांस ग्रहगति सांगणारीं, विमेवाल्यांस आयुर्मान कळविणारीं कोष्टकें हातानें गणिलीं जात, हातानें उतरलीं जात व हातानेंच छपाईच्या खिळ्यांत जुळविलीं जात. १८२१ सालीं लंडन येथें चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे दोघे मित्र अशींच कांहीं कोष्टकें तपासावयास बसले. दोन निरनिराळ्या गणकांनीं केलेलें तेंच काम पडताळून पाहतां जागोजागीं विसंगति दिसूं लागल्या, आणि ही आकडेमोड वाफेच्या बळावर चालती तर किती बरें झालें असतें, असे उद्गार बॅबेजनें काढले. त्या उद्गारांतून पुढें त्याच्या गणनयंत्राची कल्पना निघाली. या यंत्राचा विशेष पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. बॅबेजला केवळ गणित करणारें यंत्र नको होतें. निघालेलें उत्तर मनुष्याच्या हातास न लागतां छपाईच्या ठशावर थेट उमटवील असें यंत्र त्याला हवें होतें. चूक गणितांत होते त्याहून अधिक ती नकलेंत होते, हें त्यानें हेरलें होतें. सरकारनें या कामीं पुष्कळ पैसा ओतला, पण १८४२ सालीं हात आखडता घेतला व यंत्र अपुरें राहिलें. त्याच्याच दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान-संग्रहालयानें १९९१ सालीं गणनाचा भाग तयार केला, तेव्हां तो बिनचूक चालला.

कागदावरील मजकूर यंत्रांत घालण्याचा खरा मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला. तेथील १८८० च्या खानेसुमारीचे आकडे लावतां लावतां सात वर्षांहून अधिक काळ गेला. लोकसंख्या तर झपाट्यानें वाढत होती. तेव्हां पुढच्या वेळीं एक मोजणी संपण्यापूर्वींच दुसरी येऊन ठाकेल, अशी धास्ती उत्पन्न झाली. हर्मन हॉलरिथ नांवाचा तरुण अभियंता याच खात्यांत कामास होता. त्यानें प्रत्येक माणसासाठीं एक जाड कागदाचें पत्र घ्यावें व त्याचें वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय इत्यादि गोष्टी ठराविक जागीं छिद्रें पाडून नोंदवाव्या, अशी युक्ति काढली. १८८९ सालीं त्यास तिचा हक्क मिळाला. पत्र यंत्राच्या दाबपट्टीखालीं ठेवलें कीं सुया खालीं येत. जेथें छिद्र असेल तेथें सुई पार होऊन पाऱ्याच्या वाटींत बुडे, विजेचें मंडल पुरें होई आणि समोरच्या तबकडीवरील कांटा एका घरानें पुढें सरके. पत्र नीट वाचलें गेलें म्हणजे घंटा वाजे. घंटा न वाजल्यास पत्र बाजूस काढून तपासावयाचें. १८९० सालीं या रीतीनें अमेरिकेची लोकसंख्या ६,२६,२२,२५० भरली, आणि ढोबळ आंकडा तर कांहीं आठवड्यांतच हातीं आला.

येथें सूक्ष्मपणें पाहण्याजोगी गोष्ट ती छिद्रें पाडणाऱ्या कारकुनाची. त्याच्यापुढें गणकानें हातानें लिहिलेला विस्तृत कागद असे, आणि हाताखालीं ठराविक जागांचें कोरें पत्र. कागदावर व्यवसाय कसाही लिहिलेला असो, पत्रावर तो आधीं ठरविलेल्या वर्गांपैकीं एकांतच बसविला पाहिजे. स्वैर मजकूर व बंदिस्त घरें यांमधील हा पूल त्या कारकुनाच्या समजुतीवर उभा होता. हॉलरिथनें १८९६ सालीं काढलेली कंपनी पुढें इतरांत मिळाली, व १९२४ पासून ती ‘आयबीएम’ या नांवानें जगास ठाऊक झाली.

हिंदुस्थानांत हेंच काम निराळ्या मार्गानें झालें. १९०१ च्या खानेसुमारींत २९ कोटींहून अधिक माणसांची गणना झाली. तीस अमेरिकेंतील यंत्रें नव्हतीं. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत निघालेली चिठ्ठ्यांची पद्धत येथें स्वीकारण्यांत आली. प्रत्येक माणसाची माहिती गणनेच्या वहींतून एका चिठ्ठीवर उतरावयाची, धर्म चिठ्ठीच्या रंगावरून ओळखावयाचा, आणि मग चिठ्ठ्यांच्या राशी लावून त्या मोजावयाच्या. यंत्र नव्हतें, पण विचार तोच होता: एक माणूस, एक चिठ्ठी, एक गोष्ट, एक खूण.

आतां कचेरींतील टेबलाकडे वळावें. टंकलेखन-यंत्रावर आंकड्यांचे रकाने सरळ रेषेंत यावे म्हणून एक स्वतंत्र कळ बसविण्यांत आली. ती दाबली कीं कागदाचा गाडा ठरविलेल्या जागीं जाऊन थांबे. तक्त्यासाठीं निघाली म्हणून तिचें नांव टॅब्युलेटर. आज संगणकाच्या कळफलकावर ‘टॅब’ म्हणून जी कळ आहे, ती हीच. १९६३ सालीं संगणकासाठीं अक्षरांचे संकेत ठरले, तेव्हां या टॅबलाही एक क्रमांक मिळाला: नववा. कागदाचा गाडा सरकविणारी खूण आतां स्वतःच एक अदृश्य अक्षर बनली. पुढील साऱ्या कथेंत या अदृश्य अक्षराचें काम मोठें आहे.

१९७८ सालीं हार्वर्डच्या व्यापारशिक्षण-शाळेंत डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी होता. फळ्यावरील आर्थिक कोष्टकांत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुसून पुन्हां लिहावे लागत. असा फळा संगणकांत असावा व एक घर बदलतांच बाकीचीं घरें आपोआप बदलावीं, ही कल्पना त्याला सुचली. बॉब फ्रँकस्टन या मित्रानें त्याचा कार्यक्रम लिहिला व १९७९ च्या अखेरीस ‘व्हिजिकॅल्क’ हें पहिलें लोकप्रिय स्प्रेडशीट ‘अ‍ॅपल २’ या लहान संगणकासाठीं बाजारांत आलें. त्यांत ६३ रकाने व २५४ ओळी होत्या. १९८३ सालीं ‘लोटस १-२-३’ आलें; १९८५ सालीं मॅकिंटॉश संगणकासाठीं व १९८७ सालीं विंडोजसाठीं ‘एक्सेल’ आलें. संगणकांतील हा फळा घरोघरच्या कचेरींत पोंचला.

फळे अनेक झाले, तेव्हां एकावरील मजकूर दुसऱ्यावर नेण्याची गरजही उत्पन्न झाली. व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांनीं त्यासाठीं ‘डीआयएफ’ नांवाची एक लेखनपद्धति काढली. तींत प्रत्येक मूल्याच्या आधीं त्याची जात सांगितलेली असे: हा अंक आहे, कीं हीं अक्षरें आहेत. पद्धति जरा लांबट होती, पण प्रामाणिक होती. ती मागें पडली. टिकली ती त्याहून सोपी पद्धति. एका ओळींतील घरांमध्यें स्वल्पविराम घालावयाचा, ओळ संपली कीं नवी ओळ घ्यावयाची, एवढेंच. या स्वल्पविरामी फाईली १९७० च्या दशकापासून वापरांत होत्या. त्यांचे नियम मात्र २००५ सालीं प्रथम व्यवस्थित लेखनिविष्ट झाले. दरम्यान प्रत्येकानें आपापली रीत चालविली होती. या पद्धतींत मूल्याची जात सांगण्याची सोय नाहीं. ती ओळखण्याचें काम घेणाऱ्यावर पडतें. पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचें मूळ येथें आहे.

दस्तऐवजांतील तक्ता स्प्रेडशीटमध्यें येतो तोही अशाच खुणांच्या आधारें. दस्तऐवजांतून तक्ता उचलला म्हणजे त्याच्या दोन घरांमध्यें टॅब व दोन ओळींमध्यें ओळ-समाप्तीची खूण आहे असें धरून तो उतरविला जातो. दस्तऐवजांत खरोखरीच घरांचा तक्ता आंखलेला असेल तर हें बहुधा सुरळीत पार पडतें. परंतु लिहिणाऱ्यानें जागा सोडणारी कळ वारंवार दाबून रकाने नुसते डोळ्यांस सरळ दिसतील असे केले असतील, तर सारी ओळ एकाच घरांत येऊन पडते. उलटपक्षीं एखाद्या घरांत पत्त्याच्या दोन ओळी असल्या, तर एका माणसाचे दोन होण्याचा संभव असतो. जोडलेलीं घरें सुटतात, आणि एकाच घरांत माहिती राहून शेजारचीं घरें रिकामीं पडतात. १९९३ सालीं आलेल्या ‘पीडीएफ’ फाईलींत तर अडचण याहून खोल आहे. अशा फाईलींत बहुधा ओळ नाहीं कीं रकाना नाहीं. कोणतें अक्षर पानावर कोठें छापावयाचें एवढेंच लिहिलेलें असतें. त्यांतून तक्ता काढणें म्हणजे भिंतीवरील सावलीवरून माणूस ओळखणें होय.

मराठी कचेऱ्यांस आणखी दोन विशेष अडचणी आल्या. पहिली आपल्या अंकलेखनाची. सव्वा लाखाची रक्कम ‘१,२५,०००’ अशी लिहिली जाते. स्वल्पविरामी फाईलींत ती अवतरणचिन्हांत बंद न करतां गेली, तर एका रकमेचीं तीन घरें होतात: एक, पंचवीस आणि शून्य. दुसरी अडचण अक्षरांची. कित्येक वर्षें मराठी दस्तऐवज अशा टंकांत लिहिले गेले कीं ज्यांत आंत रोमन अक्षरांचे संकेत असत व केवळ टंकाच्या रूपानें तीं देवनागरी दिसत. असा तक्ता दुसरीकडे नेला आणि टंक मागें राहिला, कीं गांवांचीं व माणसांचीं नांवें निरर्थक रोमन अक्षरांत उघडीं पडत. १९९१ सालीं ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली व तींत देवनागरीस स्वतःचे संकेत मिळाले, परंतु जुन्या फाईलींचा प्रश्न त्यामुळें आपोआप सुटला नाहीं.

घरें बरोबर जुळलीं, अक्षरेंही शाबूत राहिलीं, तरी शेवटचा धोका उरतोच. तो म्हणजे यंत्राच्या आगाऊ समजूतदारपणाचा. अंकासारखें दिसेल त्यास स्प्रेडशीट अंक समजतें. पुण्याचा दूरध्वनि-संकेत ०२०. तो तेथें नुसता २० होतो, कारण अंकाच्या आरंभींच्या शून्यास गणितांत किंमत नाहीं. सोळा आंकडी क्रमांक घातला तर एक्सेल पंधराच आंकडे राखतें व शेवटीं शून्य ठेवतें. तारखांची गोष्ट याहून विचित्र. ‘५/८’ म्हणजे आपल्याकडे पांच ऑगस्ट, अमेरिकेंत आठ मे. यंत्र अमेरिकन रीतीवर लावलेलें असेल, तर बारा तारखेपर्यंतचे दिवस गुपचुप उलटे होतात, आणि तेरावा महिना नसल्यामुळें ‘१३/८’ मात्र नुसतीं अक्षरें म्हणून राहते. एकाच रकान्यांत अर्ध्या तारखा चुकीच्या व अर्ध्या निर्जीव! उघड चूक मनुष्य दुरुस्त करतो. जी चूक बरोबर दिसते ती पुढें चालत राहते.

या दोषाची सर्वांत प्रसिद्ध शिकार झाली ती अनुवंशशास्त्राची. मानवी जनुकांस संक्षिप्त नांवें असतात. त्यांत कांहीं ‘सेप्ट’ व ‘मार्च’ अशा अक्षरांनीं सुरू होऊन पुढें क्रमांक असलेलीं होतीं. स्प्रेडशीटनें त्यांस सप्टेंबर व मार्च महिन्यांतील तारखा मानलें. २००४ सालीं संशोधकांनीं ही गोष्ट प्रथम उजेडांत आणली. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील तिघा संशोधकांनीं जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ शास्त्रीय निबंध तपासले; त्यांपैकीं ७०४ निबंधांत अशा चुका आढळल्या. म्हणजे पांचांतला जवळजवळ एक! हे निबंध जाणत्या पंडितांनीं लिहिलेले व इतर पंडितांनीं तपासलेले होते. अखेर २०२० सालीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या मंडळानें यंत्रास शरण जाऊन नांवेंच बदललीं. ‘सेप्ट’चें ‘सेप्टिन’ झालें व ‘मार्च’पुढें एक अक्षर वाढलें. एक्सेलमध्यें असें रूपांतर थांबविण्याची सोय २०२३ सालीं आली. निसर्गाच्या वस्तूचें नांव हिशेबाच्या वहीच्या सोयीसाठीं बदलावें लागलें, याहून त्या वहीच्या सत्तेचा पुरावा कोणता हवा?

आणि २०२० सालींच इंग्लंडांत जें घडलें तें केवळ नांवांपुरतें राहिलें नाहीं. महामारीचा जोर होता. प्रयोगशाळांकडून बाधित रुग्णांच्या याद्या स्वल्पविरामी फाईलींतून येत व तेथील सार्वजनिक आरोग्यसंस्था त्या स्प्रेडशीटमध्यें उतरवून घेई. ही उतरवणी फाईलीच्या एका जुन्या प्रकारांत होत असे. त्या प्रकारांत ६५,५३६ ओळींपेक्षां अधिक ओळी मावत नाहींत; २००७ पासूनच्या नव्या प्रकारांत ती मर्यादा १०,४८,५७६ आहे. शिवाय एकेका रुग्णाच्या माहितीस अनेक ओळी लागत. फाईल भरली, आणि पुढील ओळी नुसत्या गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांत अशा १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आंकड्यांतून सुटली. त्या रुग्णांस त्यांचा निकाल कळला होता; परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेस त्यांचीं नांवें वेळेवर मिळालीं नाहींत. ज्यांस घरींच राहण्याची सूचना मिळावयास हवी होती, तीं माणसें त्या दिवसांत आपापल्या कामावर जात राहिलीं. तक्त्याच्या तळाशीं गळालेल्या ओळी म्हणजे रस्त्यावर हिंडणारीं माणसें होतीं.

येथें पुन्हां त्या जुन्या कारकुनाची आठवण होते. किती ओळी आल्या व किती उतरल्या हें कोणी शेजारीं शेजारीं मांडलें असतें, तर पहिल्याच दिवशीं तफावत दिसली असती. हॉलरिथच्या यंत्रास घंटा होती. पत्र वाचलें न गेल्यास ती वाजत नसे, व तें मौनच सावध करी. १३० वर्षांनंतरच्या यंत्रांस ती घंटा नव्हती. वेग हजारों पटींनीं वाढला. ताळा मात्र वाटेंत कोठें तरी राहून गेला.

या इतिहासापासून घेण्यासारखा धडा साधा आहे. तक्ता नेण्यापूर्वीं त्याच्या ओळी मोजाव्या व नेल्यावर पुन्हां मोजाव्या. रकमेच्या प्रत्येक रकान्याची बेरीज दोन्हीकडे करून पाहावी. जे आंकडे मोजण्यासाठीं नसून ओळखण्यासाठीं आहेत, अर्थात् दूरध्वनि, खातें, पिनकोड, त्यांस आरंभींच ‘अक्षरें’ म्हणून घोषित करावें. तारीख लिहितांना वर्ष, महिना व दिवस या क्रमानें लिहावी, म्हणजे संदिग्धता राहत नाहीं. आणि मूळ कागद, मूळ फाईल, जशीच्या तशी जपून ठेवावी. कारण खतावणी बिघडली तरी कीर्द हातीं असेल तोंवर हिशेब पुन्हां उभा करतां येतो.

मातीच्या पाटीवर ज्यानें आठाचे नऊ केले, त्याचें नांव आज कोणास ठाऊक नाहीं. त्याची चूक सांपडली ती मात्र पाटी शाबूत होती म्हणून, आणि कोणीतरी तिचें गणित पुन्हां करून पाहिलें म्हणून.